कारखान्याची सुरी घ्यावी की घडवून घ्यावी?

सुरी कुणाकडून घ्यायची हे ठरवण्याआधी दोन गोष्टी ठरवा: घरात तिला धार कोण लावणार, आणि वापरून झाल्यावर ती पुसून कोण ठेवणार. पोलाद, मूठ, किंमत हे सगळं त्याच्या मागून येतं. या दोन्ही प्रश्नांना घरातलं एखादं नाव उत्तर म्हणून मिळालं, तर घडवून घेतलेल्या सुरीचा विचार जरूर करा. उत्तर ‘बघू कोणीतरी’ असं असेल, तर कितीही हौसेने करून घेतलेलं पातं काही महिन्यांत शे-दीडशेच्या सुरीपेक्षा वाईट कापू लागतं. वर डाग पडतात, ते वेगळंच.

‘घडवून घेतलेली’ म्हणताना लोक दोन अगदी निराळ्या गोष्टी एकात मिसळतात, तेवढं आधी सोडवून घेऊ. एक म्हणजे आठवडी बाजारातला लोहार, किंवा रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेलं घिसाडी कुटुंब. तिथे पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, बाई समोरून घण घालते, पोर भाता फिरवतं. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी हे त्यांचं रोजचं काम, आणि सांगितलंत तर ते सुरीही करून देतात. दुसरा म्हणजे शहरातला नवा कारागीर. त्याच्याकडे तापमान दाखवणारी विजेची भट्टी असते, पट्ट्याचं ग्राइंडर असतं, तो पोलाद नंबर सांगून मागवतो आणि ऑर्डर बहुधा इन्स्टाग्रामवर घेतो. या दोघांची किंमत, वेळ, पोलाद, बलस्थानं यात काहीच सारखं नाही. एकाचे गुण ऐकून दुसऱ्याकडे जाणाऱ्याची निराशा होते.

कारखान्याच्या सुऱ्याही एका जातीच्या नाहीत. भांड्यांच्या दुकानात दारापाशी लटकवलेली, पातळ पत्र्याची, प्लास्टिकच्या मुठीची सुरी हे एक टोक. जर्मनीतलं झोलिंगेन किंवा जपानमधलं सेकी ही पिढ्यान्‌पिढ्या पाती करत आलेली शहरं हे दुसरं. ‘कारखान्याचं म्हणजे हलकं’ हा समज तिथे टिकत नाही. तिथल्या चांगल्या पात्याइतकं एकसारखं काम हाताने करणं फार थोड्यांना जमतं.

पोलाद आणि पाणी

कारखान्यात पोलादाचा पत्रा येतो. साच्याने किंवा लेझरने त्यातून पाती कापली जातात. मग ती ठरलेल्या तापमानाला तापवायची, झटकन थंड करायची आणि पुन्हा मंद आचेवर ठेवायची. शंभरावं पातं पहिल्यासारखंच निघतं, आणि कारखान्याची खरी ताकद यातच आहे. जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांत साधारण ०.५ टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असलेलं पोलाद वापरतात. त्याचा कठीणपणा रॉकवेल मापावर (आकडा जितका मोठा, तितकं पोलाद कठीण) ५५-५६ च्या आसपास असतो. जपानी सुऱ्यांमधलं व्हीजी-१० नावाचं पोलाद सुमारे १ टक्का कार्बनचं असतं आणि ६० च्या आसपास जातं. कठीणपणा वाढला की धार जास्त दिवस टिकते, पण पातं हाडावर किंवा करवंटीवर आपटलं तर धारेची कपची उडते. जर्मन पातं अशा वेळी फक्त थोडं वळतं, आणि दोनदा धारेच्या पोलादी सळईवर फिरवलं की सरळ होतं.

क्रोमियम असतं ते गंजू नये म्हणून. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर ते गेलं की पोलादावर स्वतःहून एक पातळ संरक्षक थर धरतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने १९१३ मध्ये असं न गंजणारं, म्हणजे स्टेनलेस पोलाद केलं, आणि सुऱ्या पुसून ठेवण्याची सक्ती स्वयंपाकघरातून हळूहळू गेली. कोकणातल्या पावसाळ्यात ज्याने लोखंडी विळी एक रात्र ओली ठेवली आहे, त्याला या शोधाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

गावच्या लोहाराचं पोलाद बहुतेक वेळा ट्रकच्या कमानपाट्याचं असतं. त्यात ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. चिवट, धक्का खाणारं, कोयत्याला अगदी योग्य. मात्र ते गंजतं. शिवाय पाटा आधीच लाखभर किलोमीटर हादरे खाऊन आलेला असू शकतो, आणि डोळ्यांना न दिसणारी चीर आत असली तर पातं पुढे कधीतरी तिथेच तुटतं. म्हणून चांगला लोहार तुकडा निवडताना तो ऐरणीवर टाकून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर बाजूला ठेवतो.

लोहाराच्या कामात एक गोष्ट मात्र अशी आहे, जी एका पत्र्यातून कापलेल्या पात्यात सहसा सापडत नाही. कोयत्याला पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कठीण करताना, तो सगळं पातं बुडवत नाही. लाल झालेल्या पात्याची फक्त धार पाण्यात किंवा तेलात टेकवतो. पाठ तशीच लाल असते. मग पातं बाहेर काढून दगडाने धारेजवळचा काळा थर झटपट घासून टाकतो आणि त्या चकचकीत पट्टीकडे बघत बसतो. पाठीत उरलेली ऊब धारेकडे सरकू लागते आणि पट्टीवर रंग चालत येतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, त्याच्या मागे निळा. सुरी असेल तर पिवळ्यावर, कोयता असेल तर जांभळ्याच्या अलीकडे-पलीकडे तो पातं पुन्हा बुडवतो आणि खेळ थांबवतो. गवती पिवळा म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअस, निळा म्हणजे ३०० च्या घरात. तापमापक नाही, घड्याळ नाही. रंग ओळखणारे डोळे आहेत. असं केलेलं पातं धारेला कठीण आणि पाठीला मऊ राहतं, म्हणून नारळावर घाव घातला तरी तुटत नाही. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण हेही सांगितलं पाहिजे, की हे सगळं त्या दिवशीच्या उजेडावर आणि त्या माणसाच्या हातावर अवलंबून आहे. एकाच लोहाराच्या दोन सुऱ्या सारख्या निघतीलच असं नाही. पहिली उत्तम निघाली म्हणून डोळे मिटून तशाच चार सांगू नका. एकेक घ्या आणि वापरून बघा.

शहरी कारागीर या दोघांच्या मध्ये उभा असतो. त्याची भट्टी मोजून चालते, पोलाद ओळखीचं असतं, आणि तो एका वेळी एकच पातं करतो. माझी तक्रार वेगळी आहे. यातले बरेचजण जंगलात, डोंगरात वापरायच्या चाकूंच्या प्रेमातून या कामात आलेले असतात, आणि तीच जाडी स्वयंपाकघरात आणतात. पाठीला चार-पाच मिलिमीटर जाडीची सुरी हातात भारदस्त वाटते, पण गाजर कापताना ती पाचरीसारखी घुसते आणि गाजर कापलं जाण्याऐवजी ताडकन फुटतं. भाजीच्या सुरीला पाठीला दोन मिलिमीटर पुरे, आणि धारेच्या जरा वर ती कागदासारखी पातळ होत गेली पाहिजे. ऑर्डर देताना पोलादाच्या नंबरापेक्षा पातं किती जाड, हे आधी विचारा.

दमास्कसच्या नक्षीचंही असंच. त्या लाटा-लाटांच्या पात्याची भुरळ पडते, ते समजतं. मात्र आज त्या नावाने मिळतं ते दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून, आम्लात बुडवून नक्षी वर आणलेलं पातं. दक्षिण भारतात मुशीत तयार होऊन अरब व्यापाऱ्यांमार्फत जगभर गेलेलं वुट्झ पोलाद ही वेगळी चीज होती. थरांच्या नक्षीने सुरी जास्त कापत नाही. कापतं ते धारेवरचं मधलं पोलाद. स्वस्त सुऱ्यांवर तर ही नक्षी नुसती छापलेली असते आणि घासणीने निघून जाते. आवडली म्हणून घ्या, पण धारेची हमी म्हणून तिचे पैसे मोजू नका.

हात कुणाचा, काम कुठलं

घडवून घेण्याची बाजू इथे सर्वांत भक्कम होते. कारखाना सरासरी हातासाठी मूठ बनवतो. तुमचा हात सरासरी असेल, तर तुम्हाला काहीच जाणवणार नाही. संधिवात असलेल्या बाईला मात्र पातळ, चपट्या मुठीची सुरी आवळून धरावी लागते आणि दोन कांद्यांत अंगठ्याचा सांधा ठणकू लागतो. तिला जाड, मधे फुगीर मूठ लागते, आणि ती दुकानात सहसा मिळत नाही. डावखुऱ्यांचंही तसंच. दोन्ही बाजूंनी धार असलेली साधी सुरी त्यांना चालते, पण दातेरी सुऱ्यांना बहुधा एकाच बाजूने धार काढलेली असते आणि तीही उजव्या हाताच्या हिशेबाने. डाव्या हातात पाव किंवा टोमॅटोची चकती तिरकी जाते, आणि माणूस वर्षानुवर्षं आपल्याच हाताला दोष देत राहतो.

इथे एक मधला मार्ग आहे, तो फार कमी लोकांना सुचतो. चांगलं कारखान्याचं पातं घ्या आणि मूठ तेवढी सुताराकडून बदलून घ्या. पात्याची शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असेल, तर जुने खिळे काढून शिसवी किंवा सागवानी फळ्या बसवणं कसलेल्या सुताराला जड नाही. पात्याची खात्री कारखान्याची आणि पकड तुमच्या हाताची. हाताची तक्रार असलेल्या घरांना मी आधी हेच सुचवतो.

कामाकडे पाहिलं, तर काही गोष्टींसाठी मला कारखान्याचा पर्याय पटतच नाही. नारळ सोलायचा-फोडायचा, फणस कापायचा, शहाळं तासायचं, तर कोयता लोहाराचाच हवा. मासळी बाजारात सुरमई कापणाऱ्या कोळणीचा कोयता किंवा विळी पाहा: पातं झिजून निम्मं झालेलं असतं, पण धार वस्तऱ्यासारखी, कारण ते पुन्हापुन्हा पाजवता येईल अशाच पोलादाचं आहे. ऊसतोड मजूर हंगामाला निघताना कोयता लोहाराकडून नवा करून किंवा जुना शेवटून (पुन्हा ठोकून) घेतात, तेही त्याच कारणाने. झिजलेल्या हत्याराला भट्टीत घालून, ठोकून नवी धार काढून देणं लोहाराला जमतं. दुकानदार फक्त नवं विकू शकतो.

विळीचं तर शरीराशीच गणित असतं. पाटावर बसणाऱ्या बाईची उंची, पात्याचा बाक, पाटापासून पातं किती उंच, पुढे खवणी किती झुकलेली, यावर तासभर भाजी चिरल्यानंतर पाठ दुखणार की नाही हे ठरतं. ओट्यावर उभं राहून वापरायच्या घडीच्या स्टीलच्या विळ्या सोयीच्या आहेत, लहान घरात जागा वाचवतात, पण त्यांचा स्क्रू सैल होतो आणि पातं हलू लागतं. हलणारं पातं धोक्याचं. जमिनीवर बसून विळी वापरायची सवय असेल, तर ती घडवूनच घ्या.

उलट रोजची फळं, कोथिंबीर, मिरच्या, लसूण, मुलांचा डबा यासाठी छोटी, हलकी, न गंजणारी कारखान्याची सुरीच बरी. घडवून घेतलेल्या कार्बन पोलादाच्या (क्रोमियम नसलेल्या, गंजणाऱ्या) सुरीने कैरी किंवा कोकम कापा: पातं काळं-निळं पडतं आणि फोडीला लोखंडाची चव येते. कालांतराने पात्यावर काळपट थर बसतो आणि हा त्रास कमी होतो, पण तोवर धीर धरावा लागतो. केटरिंग करणारे, मेस चालवणारे यांच्यापुढे तर प्रश्नच नाही. त्यांना एकसारख्या वीस सुऱ्या लागतात, कच्चं मांस आणि भाजी यांच्या सुऱ्या मुठीच्या रंगाने वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि लाकडी मुठीच्या फटीत अडकणारी घाण त्यांना परवडत नाही.

धार

बहुतेक सुऱ्या चुकीच्या धारेने मरतात, मग ती झोलिंगेनची असो की शेजारच्या लोहाराची. सायकलवर दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर पातं धरलं की ठिणग्या उडतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण पातळ धार क्षणात तापते. धारेलगत निळसर रेघ दिसली, तर तिथलं पाणी उतरलं असं समजा. ती कड आता मऊ आहे आणि आठवड्यात बोथट होणार. त्या धारवाल्यांना सांगून बघा: दाबू नका, दर फेरीनंतर पाण्यात बुडवा. बहुतेकजण ऐकतात, कारण त्यांनाही हे ठाऊक असतं. घाई गिऱ्हाइकाला असते.

घरी धार लावायचा १००० नंबरचा (नंबर म्हणजे दगडाचा बारीकपणा) एक दगड पुरतो. दगड ओला करायचा, पातं त्यावर साधारण १५ ते २० अंशांवर टेकवायचं, आणि कोन न बदलता सावकाश ओढायचं, दोन्ही बाजूंनी सारखं. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कडा लागली की पहिली बाजू झाली. दगड नसेल, तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची बिनझिलईची कड वेळ मारून नेते. कार्बन पोलादाला या दगडावर पटकन धार चढते, आणि घडवून घेतलेल्या सुरीचं हे मोठं सुख आहे. खूप कठीण स्टेनलेसला वेळ लागतो. दातेरी सुरीला घरी धार लावायचा नाद करू नका. ती स्वस्त घ्यावी आणि बोथट झाली की बदलावी.

पुसण्याचं म्हणाल, तर कार्बनची सुरी वापरून झाली की लगेच धुवा, कोरडी करा, आणि पावसाळ्यात बोटभर खोबरेल तेल पात्यावर फिरवा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या टोपलीत ती गेली की संपलं. स्टेनलेसला एवढं लागत नाही, पण सिंकमध्ये भांड्यांखाली ती पडून राहिली तर तिचीही धार जातेच.

पैसे आणि वाट पाहणं

साधी कारखान्याची सुरी शंभर-दोनशेत येते, नावाजलेल्या परदेशी कंपनीची मोठी सुरी काही हजारांत. लोहार सुरी किंवा कोयती काही शेकड्यांत करून देतो आणि नशीब असेल तर त्याच दिवशी. शहरी कारागीर काही हजारांपासून सुरू होतो, मूठ आणि पोलाद जसं वाढवाल तसं वर जातो, आणि काही आठवडे थांबवतो. आधी त्याची एखादी सुरी कुणाकडे तरी हातात धरून, कांदा कापून बघा. फोटोत सगळ्या सुऱ्या चांगल्या दिसतात.

कायद्याचं एक लक्षात असू द्या. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. स्वयंपाकाची सुरी किंवा शेतावरचा कोयता करून घेण्यात अडचण नाही. खंजिराच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी धार असलेलं काही सांगू नका. चांगला कारागीर स्वतःच नाही म्हणेल.

मग घ्यावं काय?

नवं घर मांडताय, दोघंही नोकरीला, धारेचं कुणाला वेड नाही: कारखान्याच्या दोन सुऱ्या घ्या, एक छोटी आणि एक सात-आठ इंची, पातं शेवटपर्यंत मुठीत गेलेलं, आणि सोबत दगड. वरचे पैसे दगडावर खर्च करा, नक्षीवर करू नका. कोकणात घर आहे, नारळ-फणस-मासळी नेहमीची: याच दोन सुऱ्या आणि लोहाराचा कोयता, शिवाय विळी. स्वयंपाकाची हौस आहे, धार लावायला आवडतं, सुरी पुसून ठेवण्यात आनंद वाटतो: शहरी कारागिराकडे जा, पण पातळ पातं मागा. परदेशात राहता आणि सुट्टीत विळी न्यायची आहे: घडवून घ्या, पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या सामानात ठेवू नका.

लोहाराकडे जाणार असाल, तर पुठ्ठ्यावर सुरीचा आकार खऱ्या मापात कापून न्या. तोंडी सांगितलेला आकार प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. त्याहून महत्त्वाचं, ती काय कापणार ते सांगा. ‘भाजीची’ म्हटलं की तो पातं पातळ ओढेल, ‘नारळाची’ म्हटलं की पाठ जाड ठेवेल. हाताचा पंजा त्याला दाखवा, त्यावरून तो मूठ ठरवतो. घेताना कानसेचं टोक धारेवर हळूच चालवून बघा: कानस घसरली तर पाणी नीट चढलं आहे, लोखंड चावून धरली तर कड मऊ आहे. मूठ पकडून पातं हलवून बघा. पिकलेल्या टोमॅटोवर न दाबता ओढून बघा. आणि पैशांत घासाघीस करू नका. तासभर दोन माणसं भट्टीसमोर उभी राहून जे करतात, त्याचे दोन-चारशे रुपये जास्त नाहीत. महिनाभर वापरून परत जा. मूठ कुठे टोचते, पातं कुठे जड लागतं, हे तोवर तुम्हाला कळलेलं असेल, आणि तो कानस घेऊन तिथल्या तिथे दुरुस्त करून देईल.